माहेरवाशिणीला विचारा

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस लागतात. पुण्याकडे मंडई म्हटलं की भाजीबाजार डोळ्यांपुढे येतो. आमच्याकडे ती गावाची जत्रा. आज या गावची, उद्या त्या गावची. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांधीत उभं असतं. दिवसा पाळणे, खेळणी, मिठाईची दुकानं आणि रात्री दंडार, नाही तर नाटक. घरोघरी लेकी आलेल्या असतात, कुणी वैनगंगेपलीकडून, कुणी नागपूरहून, कुणी बालाघाटकडून.

दोन वर्षांमागे माझी नणंद अशीच मंडईला करडीला आली. मधली चार वर्षं तिचं येणं झालं नव्हतं. सपरीत बसून चहा पिता पिता तिनं हळूच विचारलं, "वहिनी, मोठ्या वहिनी टिकली लावतात आता? कवापासून?"

मी मान वर करून पाहिलं. थोरल्या जाऊबाई अंगणात धान पसरत होत्या. कपाळावर बारीक, मरून रंगाची टिकली. भासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. टिकली होती खरी, पण कधीपासून? मला सांगता येईना. घरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "असं काही आहे का?" सून म्हणाली, "असेल वर्षभर." माझ्या सासूबाईंनी वैधव्याची तीस वर्षं मोकळ्या कपाळानं काढली. लग्नाच्या मांडवात त्या मागच्या दारानं यायच्या आणि नवरीसमोर पडू नये म्हणून स्वयंपाकघरात बसून राहायच्या. त्याच घरात एवढी मोठी गोष्ट घडून गेली आणि तिची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती.

त्या दिवसापासून मी एक सराव करते आहे. मी आयुष्यभर शाळामास्तरीण होते, त्यामुळे जे जमलं ते दुसऱ्याला पायरीपायरीनं सांगण्याची सवय आहे. तुमच्या गावात, तुमच्या घरात हा सराव कसा करायचा, ते सांगते.

आधी हे कशासाठी, तेवढं बोलून घेऊ. गावात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, काहीच बदललं नाही, उलट सगळं बिघडलं. दुसरी, बहुधा तरुण, म्हणतात, ते सगळं आपोआप संपलं, आता जुनं कशाला उकरायचं? दोघांनीही पाहिलेलं नसतं. पहिल्यांच्या हातून धीर सुटतो. दुसऱ्यांना हे कळतच नाही की 'आपोआप' काही संपलेलं नाही; कुणीतरी बोलणी खाल्ली आहेत, कुणीतरी पहिलं पाऊल टाकताना थरथरलं आहे. मी देव मानते. रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसते. माझ्या समजुतीप्रमाणे देवाचं काम माणसांच्या हातूनच होतं, तेही फार सावकाश, आणि ते होताना न पाहणं हा कृतघ्नपणा आहे. म्हणून हा सराव मला पूजेसारखाच वाटतो.

सुरुवात बाहेरून आलेल्याकडून करा

रोज बांधीत जाणाऱ्याला धान वाढलेलं दिसत नाही. आठ दिवस परगावी राहून आलेला बांधावर उभा राहतो आणि म्हणतो, अरे, हे तर निसवलं! गावाचंही तसंच आहे. म्हणून पहिली पायरी सोपी आहे: मंडईला, पोळ्याला, लग्नाला जी लेक माहेरी येते, तिला विचारा. शहरात शिकायला गेलेल्या मुलाला विचारा. जुन्या गुरुजींना विचारा, ज्यांची बदली होऊन दहा वर्षं झाली.

विचारताना प्रश्न मोठा करू नका. "गाव सुधारलं का?" असं विचारलं की रस्ता, नळ, मोबाईलचा टॉवर हीच उत्तरं येतात. "काय पाहून नवल वाटलं?" असं विचारा. नवल ज्याचं वाटतं, तिथे बदल असतो. माझ्या नणंदेनं नळाचं नाव काढलं नाही. तिला टिकली दिसली. तिच्या मुलीला दिसलं ते असं की आमच्या गल्लीतल्या मुली सायकलवर शाळेत जातात आणि त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. 'वळून न पाहणं' हाही बदल आहे, हे मला त्या पोरीनं शिकवलं.

वही ठेवा

दुसरी पायरी वहीची. साधी दोनशे पानी वही. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मोबाईल बदलतो आणि वही पेटीत राहते.

आपल्या महाराष्ट्रात ज्यांनी धर्म आणि समाजसुधारणा एकाच श्वासात जगून दाखवली, त्या महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती. जमखंडीत १८७३ साली जन्मलेला हा माणूस प्रार्थना समाजात आला. १९०१ ते १९०३ ही दोन वर्षं इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी उदार धर्माचा आणि तौलनिक धर्माचा अभ्यास केला. परत आल्यावर १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं. १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची भूमिका अशी की देव एक, मूर्तीची किंवा मध्यस्थाची गरज नाही, आणि कोणताही एक ग्रंथ शेवटचा शब्द नाही. शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला डोळे उघडे ठेवावेच लागतात, कारण पुढची ओळ आज, आपल्याच गावात लिहिली जात असेल. शिंद्यांची रोजनिशी पुढे छापली गेली. आपली वही छापायची नाही, पण मनोभाव तोच असू द्या.

वहीत नोंद कशी करायची? मी चार गोष्टी लिहिते. काय पाहिलं. हेच वीस-तीस वर्षांमागे कसं होतं. पहिलं पाऊल कुणी टाकलं, ठाऊक असेल तर. आणि चौथी, सगळ्यात कामाची: हे करताना त्या माणसाला काय सोसावं लागलं. चौथी जागा पुष्कळदा कोरीच राहते. राहू द्या. कोरी जागा पाहिली की आपल्याला जाऊन विचारावंसं वाटतं.

नावं लिहू नका. 'एक जाऊ', 'टोलीवरचा एक मुलगा' एवढं पुरे. गाव लहान असतं. वही दुसऱ्याच्या हाती लागली तर जिनं हिंमत केली तिचीच चर्चा होईल. महिन्यातून दोन नोंदी झाल्या तरी खूप. रोज लिहायला बसलात तर ओढूनताणून लिहाल.

कुठे पाहायचं

आता पाहायच्या जागा. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण तिथेच माणूस सहज फसतो. आमच्या पिढीनं वेगळ्या विहिरी पाहिल्या. कुणी भरायचं, कुणी ओंजळ धरून वाट पाहायची, हे पाहिलं. आता घरोघरी बोअर आहे, नळ आहे. विहिरीवर कुणी जातच नाही. तिच्यात पोरांचे चेंडू पडतात. मग विहिरीवरचा भेद गेला असं वहीत लिहायचं का? नाही. विहीर गेली, एवढंच लिहायचं. भेद गेला की नाही, हे पाहायचं असेल तर उन्हाळ्यात वीज जाते, मोटर बंद पडते आणि सगळं गाव एका हातपंपाशी जमतं, तो दिवस पाहा. कुणाचा हंडा कुणाच्या हंड्याला लागतो आणि लागल्यावर काय होतं, ते पाहा. घरात आलेल्या गवंड्याला, मजुराला पाणी कोणत्या पेल्यात दिलं जातं, ते पाहा. आणि तो पेला नंतर कुठे ठेवला जातो, तेही.

पंगतीचंही तसंच. पूर्वी लग्नाच्या, तेरवीच्या पंगतीत कोण आधी, कोण नंतर, कोण बाहेर, हे ठरलेलं असे. पळसाच्या पत्रावळी गेल्या, बफे आला, सगळे एकाच रांगेत ताट घेऊन उभे. चांगलंच झालं. पण तो निर्णय कुणी मनानं घेतला नव्हता. कॅटरर सोयीचा होता म्हणून झाला. मी बफेची नोंद केली आणि पुढे कंसात लिहिलं: 'सोय'. त्याच वर्षी दुसरी नोंद केली. एका तेरवीला बफे नव्हता, साधी पंगत होती, आणि घरच्या तरुणानं बौद्ध मोहल्ल्यातल्या आपल्या मित्रांना हाताला धरून आपल्या आजोबांशेजारी बसवलं. आजोबा क्षणभर थांबले आणि मग स्वतःच्या पानातला लाडू उचलून त्यांनी शेजारच्या मुलाच्या पानात ठेवला. त्या नोंदीपुढे मी कंसात काही लिहिलं नाही.

सोय आणि सुधारणा यांतला फरक ओळखायला मी तीन प्रश्न विचारते. हे करताना कुणाला 'नाही' म्हणायची संधी होती का? करणाऱ्याचं काही पणाला लागलं होतं का, मान, नातं, पैसा? आणि सोय उद्या काढून घेतली तर हे टिकेल का? तिन्हींचं उत्तर हो आलं तर ती सुधारणा. सोयीलाही कमी लेखू नये. पुष्कळदा सोय दार उघडते आणि मन मागून येतं. शाळेत मुलं एका ओळीत बसून खिचडी खातात, ती मुळात योजना आहे. पण त्या ओळीत वाढलेल्या मुलांनाच पुढे पंगतीत वेगळं बसणं विचित्र वाटतं. मी वर्गाच्या दारात उभं राहून हे वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

तिसरी जागा हळदीकुंकवाची आणि तेरवीची, म्हणजे विधवेच्या वाट्याला आलेल्या रीतींची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आता होणार नाही. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं सुचवलं. ठराव ही पाटी आहे. पाटी कुठे लागली ते लिहाच, पण खरी नोंद तिच्यानंतरची. मृत्यू झाल्यावर घाटावर ती बांगडी फोडायला कुणी पुढे आलं का? आलं तर कुणी हात धरला? संक्रांतीला सुगडं घेऊन दारी आलेल्या विधवेच्या कपाळाला घरधनीण कुंकू लावते का, आणि लावताना इकडेतिकडे पाहते का? तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत 'महिलोन्नती' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. ग्रंथ १९५५ चा. आमच्या भागात तो कित्येक घरांत देव्हाऱ्यात असतो. देव्हाऱ्यातला अध्याय ओसरीवर यायला किती वर्षं लागतात, हे मोजणं म्हणजेच या वहीचं काम.

चौथी जागा सातबारा. इथे थांबून जरा सविस्तर सांगते, कारण इथे भावनेला वाव नाही; कागद खोटं बोलत नाही. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला. राज्यातल्या कायद्याला तीस वर्षं होऊन गेली. आता आपल्याच कुटुंबाचा सातबारा काढा. शासनाच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो, आणि आपल्याच घरचा असल्यानं कुणाची परवानगीही नको. वडील गेल्यावर वारसांचा फेरफार झाला तेव्हा बहिणींची नावं लागली का? लागली असतील तर पुढचा फेरफार पाहा. पुष्कळदा सहा महिन्यांत हक्कसोडपत्र होतं आणि नावं निघून जातात. बहिणीला साडी, भाऊबिजेचं ताट आणि 'माहेर तुटू नये' हे वाक्य मिळतं.

माझ्या घरात असं झालं आहे. मी स्वतः माझ्या भावांना सही करून दिली, १९९८ साली, कुणी काही म्हणण्याच्या आधीच. तेव्हा मला ते प्रेम वाटलं. आज वाटतं, प्रेम होतंच, पण विचारलं मात्र कुणी नव्हतं, मीही स्वतःला नाही. मागच्या वर्षी माझ्या भाच्यांनी मात्र आपल्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर ठेवलं. धान कुणी करायचं, वाटा किती द्यायचा, हे बसून ठरवलं. ती दिवाळीला माहेरी आली आणि पहिल्यांदा बांधावर गेली ती मालकीण म्हणून. हे मी वहीत लिहिलं तेव्हा माझे हात कापत होते.

उरलेल्या जागा थोडक्यात. ग्रामसभा: नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे, आणि २०११ पासून आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तिथे खुर्चीवर कोण बसलं हे पाहू नका. बोललं कोण आणि बोलताना नवऱ्याकडे पाहिलं का, ते पाहा. लग्नपत्रिका: प्रेषकांत आईचं नाव कुठे आहे, विधवा आईचं आहे का. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावानंतर सरकारी कागदावर आधी आईचं नाव येतं. तुमच्या घरच्या नव्या बाळाचा दाखला काढा आणि तो मोठ्यानं वाचून पाहा. बचत गट: अंगठ्याच्या जागी सह्या कधी आल्या, हे जुन्या रजिस्टरात पानोपान दिसतं. आणि दारू. आमच्याकडे बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गात गेलेल्या अनेक घरांतली दारू सुटली. मार्ग पटो न पटो, त्या घरातली बाई संध्याकाळी सात वाजता दाराकडे कशी पाहते, एवढं पाहा. पूर्वी ती आवाजाचा अंदाज घेत असे.

पलीकडच्याला विचारा, पण नीट विचारा

ही पायरी सगळ्यात अवघड आहे आणि हिच्याशिवाय वही खोटी ठरते. भेद कमी झाला की नाही, हे ज्यानं भेद केला त्याला विचारून कळत नाही. ज्यानं सोसला त्यालाच ते ठाऊक.

आमच्या जिल्ह्याला याची एक जुनी आठवण आहे. १९५४ साली भंडारा मतदारसंघातल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तेव्हाचा भंडारा म्हणजे आजचा गोंदियाही त्यातच. तो जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. बाबासाहेब हरले. आमच्या जिल्ह्यानं त्यांना निवडून दिलं नाही. त्यानंतर अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथून दीड-दोन तासांवरच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि आमच्या गावागावांतल्या मोहल्ल्यांनी त्यांच्यामागे जाऊन घरातले जुने देव खाली ठेवले. मी हिंदू घरातली. लहानपणी मला कुणी हे सांगितलं नाही. विहारातला बुद्ध मला दिसायचा. त्याच्यामागचा निर्णय दिसत नव्हता. आपल्या धर्माच्या बाहेर जाऊन माणसांना माणूस व्हावं लागलं, ही नोंद आपल्या वहीच्या पहिल्या पानावर असली पाहिजे. तिच्याशिवाय पुढच्या सगळ्या नोंदी आत्मस्तुती होतील.

विचारायचं कसं? "आता तर तसं काही राहिलं नाही ना?" असं कधीही विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, आणि समोरचा माणूस सभ्य असेल तर तो 'नाही' म्हणून तुमची सुटका करतो. त्याऐवजी नेमकं विचारा. मी माझ्या वर्गमैत्रिणीला विचारलं, "लहानपणी तू आमच्या घरी यायचीस, तेव्हा कुठे बसायचीस?" ती हसली आणि म्हणाली, "तुला आठवत नाही?" मला खरोखर आठवत नव्हतं. तिला गोठ्याजवळचा दगड आठवत होता. त्याचा रंगसुद्धा.

असा प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. सफाई देऊ नका, 'आमची आजी तशी मनानं चांगली होती' म्हणू नका. आणि कुणाला बोलायचं नसेल तर आग्रह करू नका; आपली वही भरण्यासाठी दुसऱ्यानं जखम उघडी करावी, हा हक्क आपल्याला नाही. मैत्रिणीला मी शेवटी विचारलं की मग बदललं असं तुला कधी वाटलं? मला वाटलं, ती म्हणेल तुझ्या घरी जेवले तेव्हा. ती म्हणाली, "तू माझ्या घरी जेवलीस आणि डबा मागून घेऊन गेलीस, तेव्हा." आमच्याकडे बोलावणं म्हणजे उपकाराचा भाव असू शकतो, तिच्या घरचं मागून नेण्यात तो नव्हता. ही कसोटी मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. तेव्हापासून मी उलट्या दिशेनंही पाहते: कोण कुणाकडे जेवायला जातं.

शेवटची पानं उलटी भरा

वही उलटी करा आणि मागून काही पानं वेगळी ठेवा. जे मागे गेलं ते तिथे लिहा. ही पानं रिकामी ठेवणारा माणूस प्रामाणिक नाही आणि फक्त हीच पानं भरणारा माणूस थकून जातो.

माझ्या मागच्या पानांवर काय आहे? हुंडा हे नाव गेलं, पण गाडी, सोनं आणि लॉनवरचं लग्न या रूपानं तो वाढला. पूर्वी एका मोहरमच्या सवारीला आणि एका गणपतीला सगळी पोरं नाचायची. आता मोबाईलवरच्या एका मेसेजनं दोन मित्र महिनाभर बोलत नाहीत. सरपंच बाई आहे आणि बोर्डवर तिच्या नावाखाली नवऱ्याचा फोन नंबर आहे. पळून जाऊन लग्न केलेल्या एका जोडप्याच्या आईवडिलांना समाजाच्या कार्यक्रमांना बोलावणं बंद झालं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ पासून लागू आहे, तरी हे होतं. कारण न बोलावण्याचा कागद कुठेच नसतो.

मागच्या नोंदीलाही त्याच चार गोष्टी लावा. शिवाय एक प्रश्न जास्तीचा: कुणी अडवलं का? बहिष्काराच्या त्या नोंदीखाली तीन महिन्यांनी मी पुढची ओळ लिहू शकले: एका म्हाताऱ्या आत्यानं आपल्या नातवाच्या बारशाला त्या आईवडिलांना स्वतः जाऊन बोलावणं केलं. म्हणजे मागच्या पानावर उगवलेली गोष्ट पुढच्या पानावर जाऊ शकते.

प्रार्थनेत ठेवा

आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. भगव्या टोप्या, खंजिरी, आणि एका सतरंजीवर सगळ्या जातींची माणसं. तुकडोजी महाराजांनी हीच गोष्ट गावोगाव रुजवली: एकट्याची पूजा घरी, पण प्रार्थना सगळ्यांनी मिळून आणि सगळ्या धर्मांची. तुमच्याकडे भजनी मंडळ असेल, विहारातली वंदना असेल, मशीद असेल, चर्च असेल. आहे तिथेच करा.

पद्धत साधी आहे. महिन्यातल्या एका दिवशी, प्रार्थना संपल्यावर, उठायच्या आधी दोन मिनिटं. ज्याला वाटेल त्यानं एक गोष्ट सांगायची, या महिन्यात गावात काय चांगलं झालेलं पाहिलं. नाव नाही, भाषण नाही, टाळ्या नाहीत. टाळ्या वाजल्या की दुसऱ्या महिन्यापासून लोक स्वतःचं सांगू लागतात. आम्ही सुरू केलं तेव्हा पहिले दोन महिने कुणी बोललं नाही. तिसऱ्या महिन्यात एक शेतकरी म्हणाला, "आमच्या रोवणीला बायांची मजुरी माणसायएवढी दिली या वर्षी. एका घरानं सुरू केलं, मंग आमाले बी द्यावी लागली." सगळे हसले, तोही हसला. मला त्यातलं 'द्यावी लागली' फार आवडलं. चांगुलपणा असाही पसरतो; शेजाऱ्यानं केलं म्हणून, लाजेनं, नाइलाजानं. तोही धरायचा.

मग एक गोष्ट स्वतःकडे घ्या. फक्त एक. वही वाचताना जिथे तुमची मान खाली जाते, तीच. मी माझ्या सुनेच्या नावे घराची नोंद मुलाबरोबर करून घेतली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आता दोन नावं आहेत. तुमची गोष्ट वेगळी असेल. पुढच्या मंडईपर्यंतची मुदत धरा, म्हणजे माहेरवाशीण येईल तेव्हा तिला नवल वाटायला काही असेल.

टिकलीच्या त्या नोंदीतली तारखेची जागा माझ्या वहीत कितीतरी दिवस कोरी होती. घरात सगळ्यांना विचारलं होतं, एका माणसाला सोडून. परवाच्या संक्रांतीला वाण घेऊन आम्ही दोघी परत येत होतो, तेव्हा मी जाऊबाईंना विचारलं, की तुम्ही टिकली कधी लावायला लागलात?

त्यांनी लगेच सांगितलं. वार, तिथी, वेळ सगळं. नातीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. नातीनं स्वतःच्या पाकिटातली टिकली काढून त्यांच्या कपाळाला लावली आणि म्हणाली, चल. "काढायला हात वर नेला," त्या म्हणाल्या, "अन् हात खाली आला." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "पहिले दोन महिने तू सामोरी दिसली का मी पदर पुढं घेत होती. तू काय म्हणशील, याचंच भेव होतं."

रात्री मी चौथ्या जागेत ते तसंच्या तसं लिहिलं.